जुनाट दुखणे आणि उपचारांकडून रास्त अपेक्षा

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा लेखरूप मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात चार शब्द बोलण्याची संधी मला देण्यात आली, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि राजगुरुनगरच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे कापडाचा व्यापार केलेला एक सामान्य माणूस आहे. कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे आणि तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. मी बोलणार आहे ते रुग्णाच्या बाजूने. गेली अनेक वर्षे कंबरदुखी माझ्या सोबतीला आहे. या काळात जे वाचले, जे जाणकारांना विचारले आणि जे अनुभवले, त्यावरून एकच प्रश्न मी आपल्यासमोर मांडणार आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या दुखण्यावर उपचार घेताना रुग्णाने कशाची अपेक्षा ठेवावी आणि कशाची ठेवू नये?

हा प्रश्न कोणा एकट्याचा नाही. आमच्या पेठेत दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचे, उठून वरच्या फळीवरचे तागे काढायचे, मालाच्या गाठी उतरवून घ्यायच्या, यात तीस-चाळीस वर्षे गेली की कंबर आणि मान बोलू लागते. घरोघरी आपल्या माता-भगिनींचे गुडघे बोलतात. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत पाळीपाळीने उभे राहून काम करणारी आपली मुले पुणे-नाशिक रस्त्यावरून रोज दुचाकीने ये-जा करतात. त्यांच्या पाठीची तक्रार तर तिशीतच सुरू होते. अशा वेळी दोन प्रकारचे रुग्ण मी पाहतो. एक म्हणतो, "मला मुळापासून बरे करणारा डॉक्टर पाहिजे." तो वर्षाला तीन दवाखाने बदलतो, प्रत्येक ठिकाणी नव्याने तपासण्या करतो, दहा प्रकारच्या गोळ्या घेतो आणि शेवटी पैसा आणि मूत्रपिंड दोन्ही धोक्यात घालतो. दुसरा म्हणतो, "आता हे असेच चालायचे." तो उपचारच सोडतो, बाहेर जाणे बंद करतो आणि घराच्या कोपऱ्यात बसून राहतो. पहिल्याची अपेक्षा अवास्तव आणि दुसऱ्याची शून्य. नुकसान मात्र दोघांचेही सारखेच होते.

दुखणे जुनाट केव्हा म्हणावे?

बोट कापले, पाय मुरगळला, हाड मोडले, तर जे दुखते ती शरीराची पहारेकऱ्याची आरोळी असते. जखम भरली की ती थांबते. परंतु तीन महिन्यांहून अधिक काळ दुखणे टिकले किंवा पुन्हा पुन्हा येत राहिले, तर वैद्यकशास्त्र त्याला जुनाट वेदना म्हणते. येथे पुष्कळदा असे घडते की मूळ इजा भरून निघते, पण आरोळी चालूच राहते. चोर निघून गेला तरी दुकानाची धोक्याची घंटा वाजत राहावी, तसा हा प्रकार आहे. मज्जासंस्था इतकी हळवी होऊन बसते की साध्या स्पर्शालाही ती धोका समजते.

१९६५ साली कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि इंग्लंडचे शास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी एक सिद्धांत मांडला. मज्जारज्जूत जणू एक दरवाजा आहे. वेदनेचा संदेश मेंदूकडे किती जाऊ द्यायचा, हे तेथे ठरते. मार लागला की आपण तो भाग आपोआप चोळतो आणि थोडे बरे वाटते, त्याचे कारण त्यांच्या मते हेच. चोळण्याचा संदेश आत शिरतो आणि वेदनेसाठी दरवाजा थोडा लोटला जातो. भीती, चिंता, जागरण यांनी तो दरवाजा उघडतो. धीर, विसावा, आवडीचे काम यांनी तो मिटतो. पुढील संशोधनात या सिद्धांतात पुष्कळ सुधारणा झाल्या, परंतु वेदनेच्या अनुभवात शरीर आणि मन यांची वाटणी करता येत नाही, ही त्यातील मुख्य गोष्ट आज सर्वमान्य आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान देण्यात आले. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. म्हणजे जुनाट वेदना हे केवळ दुसऱ्या कोणत्या तरी आजाराचे लक्षण न राहता स्वतःच एक आजार असू शकते, हे जगाने मान्य केले. त्याआधी २०२० मध्ये वेदना अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारली. तीतही रुग्ण दुखते म्हणून सांगतो, तर त्याच्या सांगण्याचा आदर राखावा, असे नमूद केले आहे.

बंधू-भगिनींनो, हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. घरात सुनेची पाठ दुखते आणि रिपोर्ट सर्व चांगले येतात. मग कोणी तरी बोलून जातो, "रिपोर्टमध्ये तर काही नाही, मग दुखते कुठे?" हे वाक्य रुग्णाला आजारापेक्षा अधिक बोचते. चिकुनगुन्याने हा धडा आपल्या राज्याला दिला आहे. १९७३ मध्ये बार्शीला या तापाची साथ आली होती, २००६ मध्ये ती महाराष्ट्रभर पसरली आणि २०२४ मध्ये पुण्यात पुन्हा तिने डोके वर काढले. ताप आठवड्यात उतरतो, परंतु काही जणांचे सांधे कित्येक महिने, क्वचित वर्षानुवर्षे, धरलेले राहतात. अशा माणसाला "आता ताप गेला ना?" असे म्हणून कामाला जुंपणे हा अन्यायच होय. म्हणून रुग्णाची पहिली रास्त अपेक्षा हीच की, डॉक्टरांनी आणि घरच्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवावा.

एका पैलवान डॉक्टरची गोष्ट

आपल्या खेड तालुक्याला कुस्तीचे वेड आहे, म्हणून एका पैलवानाची माहिती सांगतो. जॉन बोनिका हे १९१७ मध्ये इटलीच्या एका लहानशा बेटावर जन्मले. बालपणीच कुटुंबासह ते अमेरिकेत गेले आणि वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी व्यावसायिक कुस्त्या केल्या. पुढे ते भूलतज्ज्ञ झाले. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांना आढळले की, काहींची वेदना एकट्या डॉक्टरला उलगडतच नाही. भूलतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून रुग्णाचा विचार करावा, ही पद्धत त्यांनी रुजविली. १९५३ मध्ये वेदनेवरील उपचारांचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९७३ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने वेदना अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. आपल्या देशात अशी संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली.

विशेष म्हणजे, आखाड्यातील दुखापतींमुळे बोनिका यांना स्वतःलाच पुढे सांध्यांच्या वेदना जन्मभर सहन कराव्या लागल्या. वेदनाशास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसालाही शून्य वेदना लाभली नाही. तरीही त्यांनी केलेले काम पाहा. दुखणे शिल्लक असतानाही जीवन भरभरून जगता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे

आजकाल कंबर दुखली की प्रथम एमआरआय. रिपोर्टमध्ये "गादी सरकली", "गादी झिजली", "नस दबली" असे काही आढळले की माणूस हबकून जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्यांना कंबरदुखीचा काहीही त्रास नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या चित्रांचा हिशेब मांडण्यात आला. त्यात मणक्यातील गादीची झीज विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांत आढळली. गादी फुगलेली दिसण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के होते. यातील कोणालाही दुखत नव्हते! केस पांढरे व्हावेत तशीच ही बहुतेक झीज वयपरत्वे होत असते.

यावरून रिपोर्ट निरुपयोगी आहे असा अर्थ काढू नये. गंभीर आजार हुडकण्यासाठी तो अमोलच आहे. काही लक्षणे दिसताच तर एक दिवसही दवडू नये. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरता येणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, दुखण्याबरोबर ताप असणे, विनाकारण वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा पडल्यानंतर असह्य दुखणे सुरू होणे, ही ती लक्षणे होत. यांपैकी काही नसेल तर, "हा रिपोर्ट माझ्या दुखण्याशी जुळतो का?" असा प्रश्न डॉक्टरांना विचारावा. तपासणी माणसाची करायची असते. कागद तिला मदत करतो.

आराम किती मिळावा?

आता मुख्य मुद्दा. व्यापारी माणूस असल्याने मला आकड्यांशिवाय समाधान होत नाही. डॉक्टर आपल्याला विचारतात, "शून्य ते दहा या मापात किती दुखते?" जुनाट वेदनेच्या औषधांच्या चाचण्यांत या मापावरील सुमारे ३० टक्के घट ही रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण सुधारणा समजली जाते. म्हणजे सातवर असलेले दुखणे पाचच्या खाली आले, तर उपचार लागू पडला असे शास्त्र म्हणते. निम्म्याने कमी झाले तर ते उत्तम यश मानले जाते. पूर्ण शून्य हे काहींच्या वाट्याला येते, परंतु ते गृहीत धरून चालू नये.

औषधांच्या मर्यादाही पाहू. नसांच्या दुखण्यावर, उदाहरणार्थ मधुमेहामुळे पायांची आग होते त्यावर, प्रीगॅबालिन हे औषध आज सर्रास दिले जाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, हे औषध सात-आठ रुग्णांना दिले, तर बिनऔषधी गोळीच्या तुलनेत एका जास्तीच्या रुग्णाला ठळक आराम पडतो. अमिट्रिप्टिलीनच्या गटातील जुन्या, स्वस्त औषधांबाबत हेच प्रमाण साडेतीन-चार रुग्णांमागे एक असे होते. म्हणजे पहिले औषध लागू न पडणे हे स्वाभाविक आहे. त्यात डॉक्टर अपात्र ठरत नाहीत आणि रुग्ण खोटाही ठरत नाही. औषध ठरावीक मुदतीत पारखावे, गुण नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करून दुसरे पाहावे. चार औषधे एकावर एक रचत जाणे हा मार्ग नव्हे.

अधिक प्रबळ औषध म्हणजे अधिक आराम, हाही समज तपासून घ्यावा. अमेरिकेत २४० रुग्णांवर वर्षभर चाललेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे सारे जुनाट कंबरदुखीचे किंवा गुडघा-खुब्याच्या संधिवाताचे रुग्ण होते. अफूवर्गीय प्रबळ औषधे घेणाऱ्यांची हालचाल इतर साधी औषधे घेणाऱ्यांपेक्षा काडीचीही सुधारली नाही, आणि दुष्परिणाम मात्र अधिक झाले. आपल्याकडे ट्रॅमॅडॉल हे औषध एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले गेले, ते त्याची सवय जडते म्हणूनच.

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेबद्दलही असेच. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली आणि ही शस्त्रक्रिया अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आली. योग्य रुग्णाला तिच्यामुळे नवे जीवन मिळते. तरीही साधारणतः पाचांतील एका रुग्णाला शस्त्रक्रियेनंतरही त्रासदायक दुखणे शिल्लक राहते. ही गोष्ट आधी सांगितली गेली पाहिजे. माहीत असूनही निर्णय घेतला तर मागाहून पस्तावा होत नाही.

मग यश मोजायचे कशाने? मी माझ्यापुरते एक माप ठरविले आहे. एक सामायिक ४८ मिनिटांचे असते. एके काळी कंबरेमुळे मला तेवढा वेळ स्वस्थ बसणे अशक्य झाले होते. आज खुर्चीवर बसून मी दोन सामायिके करतो, गल्ल्यावर दोन-तीन तास थांबतो आणि सकाळी हुतात्मा राजगुरू वाड्यापर्यंत पायी जाऊन येतो. दुखणे आजही आहे. दहापैकी चार म्हणा. परंतु माझ्या ताळेबंदात मी ते नफ्याच्याच बाजूला धरतो. प्रत्येकाने उपचार सुरू करताना असेच एखादे माप ठरवावे. नातवाला उचलून घेणे, जिना चढणे, रात्री सलग सहा तास झोपणे, कारखान्यातील पाळी पूर्ण करणे, यांपैकी काहीही चालेल. "दुखणे गेले का?" याऐवजी "मी काय करू शकतो?" असे दर महिन्याला स्वतःला विचारावे.

गोळी, उपवास आणि आपण

आपल्या समाजासाठी काही गोष्टी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक वाटते. आपल्याकडे एकासणे, उपवास, वर्षीतप, पर्युषणातील तपश्चर्या श्रद्धेने केली जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्यास जठराला व्रण पडण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका असतो. शरीरात पाणी कमी असताना घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह असणाऱ्यांना तर त्या अधिकच जपून घ्याव्या लागतात. म्हणून तपश्चर्येचा विचार असेल तर तो आधी डॉक्टरांना सांगावा. चौविहार पाळणाऱ्यांनी दिवसातून एकदा किंवा सूर्यास्तापूर्वी घेता येईल असे औषध मिळेल का, हे विचारावे. पुष्कळदा तशी सोय होते. पच्चक्खाणात आगारांची तरतूद आपल्या पूर्वाचार्यांनीच करून ठेवली आहे. त्याविषयी महाराज साहेबांना विचारण्यात संकोच कशाचा? तसेच गुडघे धरलेल्या व्यक्तीने खुर्चीवर बसून सामायिक, प्रतिक्रमण केले तर भावात काही उणे येत नाही.

शाकाहारी व्यक्तींमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते. तिच्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, तळव्यांची आग होते. ड जीवनसत्त्व कमी असल्यास हाडे आणि स्नायू ठणकतात. दुकानात सावलीत दिवस काढणाऱ्यांत हे सहज घडते. महागड्या तपासण्यांपूर्वी या दोन साध्या तपासण्या करण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण हे दुखणे पुष्कळ अंशी भरून निघू शकते.

आणखी एक गोष्ट ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. सांध्यांसाठी म्हणून विकले जाणारे ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून तयार होते, तर कॉन्ड्रॉइटिन प्राण्यांच्या कूर्चेपासून. कॅप्सूलचे आवरणही पुष्कळदा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. इतके करून लाभ काय? अमेरिकेत १५८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गुडघेदुखीच्या एकूण रुग्णांमध्ये ही दोन्ही द्रव्ये बिनऔषधी गोळीहून सरस ठरली नाहीत. तेव्हा वेष्टनावरील मजकूर वाचावा, औषध विक्रेत्याला विचारावे, आणि धर्म व पैसा दोन्ही वाचवावेत.

पुड्यांपासून मात्र सर्वांनी सावध राहावे. "एका पुडीत गुडघे मोकळे" अशी जाहिरात करणाऱ्यांच्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. पहिले पंधरा दिवस माणूस धावू लागतो. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि अशी पुडी बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंद करणेही धोक्याचे असते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी लागते. ज्या पुडीवर घटकांची नावे नाहीत, ती घरात आणू नये. चिठ्ठी नसलेला ताग्याचा तुकडा आपण ग्राहकाला खपवीत नाही, मग आपल्या पोटात बेनामी पुडी का घालावी? त्याचप्रमाणे "दहा बैठकांत हमखास मुक्ती" असे सांगून आगाऊ पैसे घेणारेही भेटतात. मलाही असे एक ठिकाण भेटले होते. जुनाट वेदनेत हमी देणाऱ्यापेक्षा "प्रयत्न करू, सहा आठवड्यांनी पाहू" असे म्हणणारा डॉक्टर अधिक प्रामाणिक समजावा.

रुग्णाचा वाटा

७ डिसेंबर २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तिच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. या तत्त्वांत रुग्णशिक्षण, व्यायाम, मानसिक आधाराचे उपचार आणि गरजेनुसार दाहशामक औषधे यांची शिफारस आहे. कमरेचे पट्टे, वजन लावून ओढणे आणि अफूवर्गीय औषधे यांचा सरसकट वापर करू नये, असे म्हटले आहे. म्हणजे सर्वांत परिणामकारक उपायांतील बराच भाग रुग्णाने स्वतः करायचा आहे.

येथे आपली एक खोड आडवी येते. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी आपण माळा साफ करतो, पापड लाटतो, गोदाम लावतो. आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढतो. फिजिओथेरपिस्ट सांगतात ते असे की, काम दुखण्यावर न मोजता वेळेवर मोजावे. दहा मिनिटे चालणे झेपत असेल तर चांगल्या दिवशीही दहाच मिनिटे आणि वाईट दिवशीही जमेल तितके दहाच्या जवळ. दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवावीत. व्यापारात रोजची थोडी विक्री वर्षअखेर मोठी होते, तसेच हे आहे. आरंभी व्यायामाने दुखणे किंचित वाढते, त्याने घाबरू नये. जुनाट वेदनेत दुखणे आणि इजा यांचे माप सारखे नसते. गुण येण्यास सहसा सहा ते बारा आठवडे लागतात.

झोप आणि मन यांचीही काळजी घ्यावी. जागरणाने वेदना वाढते आणि वेदनेने झोप उडते. दीर्घ दुखण्यात उदासीनता येणे स्वाभाविक आहे. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले तर "मला वेडा ठरविले" असे समजू नये. घंटेचा आवाज कमी करण्याचा तो एक मार्ग आहे.

डॉक्टरांकडे जाताना एक लहान वही न्यावी. तीत दुखण्याचे माप, झोपेचे तास, चालण्याची मिनिटे आणि घेतलेली सर्व औषधे, अगदी पुडी आणि काढासुद्धा, लिहावीत. आणि पाच प्रश्न विचारावेत. माझ्या दुखण्याचे कारण आपल्या मते काय? या उपचाराने किती आराम अपेक्षित आहे? तो किती दिवसांत दिसावा? दुष्परिणाम कोणते आणि केव्हा थांबायचे? मी स्वतः काय करायचे? हे प्रश्न विचारणे रुग्णाचा हक्क आहे. पाच रुपयांच्या रुमालाचा रंग जाईल का, हे विचारणारा ग्राहक स्वतःच्या शरीराबाबत मूक का राहावा? डॉक्टर घाईत असतील तर प्रश्न लिहून न्यावेत. तालुक्यात सोय नसेल तेथे पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा पुण्याचे ससून रुग्णालय यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांचा पर्याय आहे, हेही विसरू नये.

कर्करोगाची वेदना वेगळी

एक अपवाद मात्र ठामपणे सांगतो. आतापर्यंत अफूवर्गीय औषधांविषयी जे बोललो, ते कर्करोगाच्या वेदनेला लागू नाही. तेथे मॉर्फीन हे योग्य, स्वस्त आणि सिद्ध झालेले औषध आहे. १९८५ च्या कायद्यातील कडक अटींमुळे ते मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापराचा मार्ग सुकर करण्यात आला. पुण्यात वारजे येथे सिप्ला संस्थेचे वेदनाशामक शुश्रूषा केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची विनामूल्य सेवा करीत आहे. "मॉर्फीन दिले म्हणजे संपले" या भीतीने कोणी आपल्या माणसाला कण्हत ठेवू नये. तेथे वेदनामुक्तीची अपेक्षा ठेवणे सर्वथा रास्त आहे आणि ती बहुतांश पूर्ण होते.

समारोप

मित्रहो, जीवदया हा आपल्या आचरणाचा पाया आहे. मुंगीलाही पीडा होऊ नये म्हणून आपण जपून पाऊल टाकतो. मग आपल्याच घरात वर्षानुवर्षे दुखणे सोसणाऱ्या आईकडे, मुनीमजींकडे, रात्रपाळी करून आलेल्या मुलाकडे तेवढ्याच करुणेने पाहिले पाहिजे. त्यांच्यावर विश्वास ठेवणे, व्यायामाला सोबत करणे, दवाखान्यात बरोबर जाऊन प्रश्न विचारणे, यासाठी पैसा लागत नाही.

विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे की, यापुढील प्रत्येक आरोग्य शिबिरात औषधवाटपाबरोबर एका फिजिओथेरपिस्टची उपस्थिती असावी आणि धर्मस्थानात ज्येष्ठांसाठी पाठीला आधार देणाऱ्या खुर्च्या ठेवाव्यात. पहिल्या बारा खुर्च्यांचा भार उचलण्याची अनुमती मला मिळाली, तर मी स्वतःला भाग्यवान समजेन.